चारातून एक काढ

दिवाळीची सुट्टी संपता संपता जिजाजी ताईच्या मुलीला आमच्याकडे घेऊन आले. तिला ठेवून परत निघताना, दारात वाकून बूट घालत, आईकडे न बघता म्हणाले, "तुमच्या त्या शाळेत नंबर लागला तर राहू द्या तिले इथंच. मी नाही म्हणत नाही. नाही लागला, तर मग आमची खाप्याची शाळा काय वाईट आहे?"

आई म्हणाली, "लागते ना. काहून नाही लागणार?"

बोलणं तेवढंच झालं. पण त्या दिवसापासून आमच्या घरात एक गोष्ट ठरायची राहिली होती, आणि ती म्हणजे ही मुलगी कुठे वाढणार.

ताईला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. पावसाळ्यातला ताप, सावनेरचा दवाखाना, मग नागपूरचा, आणि मग काहीच नाही. जिजाजींचं खाप्यात हार्डवेअरचं दुकान आहे. ते दिवसभर दुकानात असायचे आणि मुलगी त्यांच्या आईजवळ. त्यांच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं सुरू झालंय हे आम्हाला बाहेरूनच कळलं होतं. त्यात गैर कुणालाच वाटलं नाही. बाबा तर म्हणाले, करायलाच पाहिजे, त्याचं वय काय आहे. आई भाजी चिरत होती. हात थांबवून ती म्हणाली, "मग पोरगी आपल्याजवळ पाहिजे." नंतर पुन्हा चिरायला लागली.

शाळा म्हणजे आम्ही दोघी बहिणी जिथे शिकलो ती इंग्रजी शाळा. पहिलीत तिथे बाहेरच्या मुलांसाठी अगदी थोड्या जागा असतात, बाकीची केजीतूनच वर येतात. परीक्षा नसते, असं शाळा म्हणते. नुसतं भेटायला बोलावतात, मुलाशी थोडं बोलतात, चित्रं दाखवतात. त्या भेटीसाठी इथे नागपुरात महाल भागातल्या पुस्तकांच्या दुकानांत जाडजूड वर्कबुकं मिळतात. मी एक घेऊन आले. तिला शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली, कारण इंग्रजी शाळेत शिकलेली घरात आता मी एकटीच उरले होते.

मी तेव्हा बँकेच्या परीक्षांची तयारी करत होते. अजूनही करतेच आहे. सकाळी अभ्यासिकेत जायचं, दुपारी घरी यायचं. मला माणसांत फार बोलता येत नाही. अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या मुलीचं नाव मला बऱ्याच महिन्यांनी कळलं, तेही तिच्या वहीवरून. पण लहान मुलाशी बोलायला मला संकोच वाटत नाही. शिवाय ही मुलगी माझ्यासारखीच कमी बोलणारी होती. मी घरी आले की ती माझ्या टेबलाखाली पाय मुडपून बसायची आणि मी वाचत असले की माझ्या पायाच्या बोटांशी खेळायची.

"मावशी, तू मला-मला काहून करून राहिली?" तिने एकदा विचारलं. "मले म्हण ना."

"मला तशी सवय नाही."

"आईले होती."

ते खरं होतं. ताई शाळेत इंग्रजी, माझ्याशी माझ्यासारखं, आणि खाप्यात गेल्यावर महिन्याभरात खाप्यासारखं बोलायला लागली होती. मी कुठेही गेले तरी सारखीच बोलते.

वर्कबुकात रंग होते, आकार होते, लहान-मोठं होतं. ते सगळं तिला येत होतं. मग 'ऑड वन आउट'चं पान आलं. चार चित्रं, त्यातल्या एकावर फुली मारायची. याला मराठीत काय म्हणायचं ते मला सुचेना. आईला विचारलं तर ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "गटात न बसणारा शब्द ओळखा. आमच्या शाळेत असाच प्रश्न येत होता. मले त्यात पैकीच्या पैकी भेटत होते."

मुलीला मी सांगितलं, चारातून एक काढ. जे बाकीच्यांसारखं नाही ते.

पहिल्या पानावर आंबा, संत्रं, केळं आणि वांगं होतं. तिने बराच वेळ चित्रांकडे बघितलं आणि वांग्यावर फुली मारली. मी शाबास म्हणणार तेवढ्यात तिने आंब्यावरही फुली मारली.

"दोन नाही, एकच."

"हे दोघं भाजतात," ती म्हणाली. "वांग्याचं भरीत करतात अन् कैरीचं पन्हं करतात. केळं अन् संत्रं हातानं सोलतात."

मी तिला म्हटलं की वांगं भाजी आहे आणि बाकीची फळं आहेत. तिने मान हलवली. तिला ते माहीत होतंच. पुढच्या पानावर बस, सायकल, मोटारसायकल आणि नदीतली नाव होती. तिने नाव काढली, आणि लगेच बस. सायकल आणि मोटारसायकल पप्पाची आहे, त्यावर दोघं बसतात, बसमध्ये अन् नावेत दुसरं कोणी चालवते आणि आपण तिकीट काढून बसतो. कन्हान नदीवर तिने नाव पाहिली असणार. मी पुस्तकाच्या शेवटी छापलेली उत्तरं बघितली. नाव. पाण्यात चालते म्हणून.

मला वाटलं, तिला 'एक' कळत नाही. पण तसं नव्हतं. चार चमचे ठेवून एक दे म्हटलं की ती एकच द्यायची. फक्त या प्रश्नात ती दोन काढायची, आणि दरवेळी उरलेल्या दोघांची नीट जोडी लागायची. काढलेल्या दोघांचीही लागायची. एवढ्याशा मुलीला हे इतक्या लवकर कसं सुचतं याचं मला नवल वाटत होतं. मी स्वतः असे प्रश्न बँकेच्या रीझनिंगमध्ये रोज सोडवते, आणि मला उत्तर येतं ते बहुतेक वेळा प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधून.

एका संध्याकाळी चहाच्या वेळी मी सहज एक पान मोठ्याने वाचलं. गाय, कुत्रा, मांजर, कावळा.

"मांजर," बाबा म्हणाले.

"मांजर कसं? कावळा. तो पक्षी आहे."

"पित्रात घास कोणाले काढून ठेवतो आपण? गाईले, कुत्र्याले, कावळ्याले. मांजराले ठेवला का कधी?"

"तुमचं काहीतरीच," आई म्हणाली. "मांजर सोताच येऊन खाऊन जाते. तिले कायले ठेवाचं?"

"तेच तर म्हणून राहिलो मी. ती वेगळी झाली ना मग?"

"गाय वेगळी आहे," आई म्हणाली. "बाकीचे फुकटे आहेत सारे."

"उत्तर कावळा आहे, बाबा. इथे छापलंय."

बाबांनी चष्मा वर करून पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. "तुह्या परीक्षेतही असेच प्रश्न येते का?"

"येतात."

"तरीच," ते म्हणाले. "तरीच तुहा नंबर लागून नाही राहिला."

आई हसली. मीही हसले. ताई गेल्यानंतर आम्ही तिघं एकदम हसलो असं फार वेळा झालं नव्हतं. मुलगी मात्र पुस्तकावर वाकली होती. ती म्हणाली, "गाय अन् कुत्रं खाली राहतात. मांजर अन् कावळा भिंतीवर."

बाबा म्हणाले, "हिले सरळ बँकेत लावून द्या."

पण दिवस जात होते आणि मला काळजी वाटायला लागली. चित्रांनी होत नाही तर खऱ्या वस्तूंनी करून बघू, म्हणून मी फरशीवर चार-चार वस्तू मांडायला लागले. पेन, पेन्सिल, खडू, कंगवा. "आता फक्त कंगवा काढ," मी म्हणायचे, उत्तरच सांगून टाकायचे. ती कंगवा उचलायची. मग उरलेल्या तिघांकडे बघून तिचा चेहरा बदलायचा. ओठ आत ओढायची. माझी नजर दुसरीकडे गेली की खडू हळूच सरकवून कंगव्याशेजारी ठेवायची, किंवा कंगवा परत जागेवर. मी रागावले नाही. मला राग लवकर येतही नाही. पण हा हट्ट आहे की भीती, ते मला ओळखू येत नव्हतं.

ते आईमुळे कळलं. त्या दिवशी मुलीला भूक लागली होती. आईने तिला ताट वाढलं, भाजी, वरण, आणि तव्यावरच्या लहान पोळ्या. आईचं लक्ष गॅसवर होतं. तिने दोन वाढल्या होत्या, वरून अजून एक टाकली. मुलीने ताटाकडे बघितलं आणि हात मागे घेतला. मग एक पोळी उचलून तिचे दोन तुकडे केले आणि एक शेजारी जेवणाऱ्या माझ्या ताटात ठेवला.

"काहून वं? खात नाही का?" आईने विचारलं.

"तीन नाही ठेवत," ती म्हणाली.

"हो वं माय, चुकलंच माझं," आई म्हणाली आणि माझ्याकडचा तुकडा तिच्या ताटात परत ठेवून वर तव्यावरच्या चौथीचाही एक तुकडा टाकला. आई अगदी सहज बोलली. तीन पोळ्या एकदम ताटात वाढायच्या नाहीत हे आमच्याही घरात आहे. मी इतकी वर्षं जेवत आले, आई कधी दोन वाढते, कधी तिसरीबरोबर चौथीचा तुकडा टाकते, आणि ते का करते असं मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, आईची मोजायची पद्धत तशी आहे.

मी मुलीला विचारलं, "तीन का नाही ठेवत?"

"तीन आईले ठेवल्या होत्या," ती म्हणाली. "तेरवीले. ताटात तीन पोळ्या होत्या. पप्पानं अंगणात नेऊन ठेवलं. मी पाण्याचा गिलास धरला होता. खाप्याची आजी म्हणाली, तीन गेलेल्याले असतात. राहिलेल्याले नाही ठेवत."

हे सांगून ती जेवायला लागली. आईने तव्यावर पुढची पोळी टाकली आणि तशीच ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तरी तिने ती उलटवली नाही.

मला फरशीवर मांडलेल्या सगळ्या वस्तू आठवल्या. मी रोज तिच्यापुढे चार गोष्टी ठेवत होते आणि तीन उरव म्हणत होते.

दुसऱ्या दिवसापासून आई तिला समजवायला लागली की हे फक्त खाण्याचं असतं, चित्रांचं नसतं. ती ऐकून घ्यायची. मोठ्या माणसांचं ती नेहमीच ऐकून घ्यायची. पण हात पुन्हा तिथेच जायचा. शेवटी मी एक उपाय काढला. तिला म्हटलं, एक काढायचं आणि त्याच्या जागी आपलं बोट ठेवायचं. मग किती झाले? तिने मोजलं. तीन वस्तू आणि एक बोट. चार. तिने बोट उचलून पाहिलं, पुन्हा ठेवून पाहिलं. मग माझ्याकडे बघून मान हलवली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. फक्त एक व्हायचं. तिला अजूनही दोन-दोनच्या जोड्याच आधी दिसायच्या. त्यातल्या एका जोडीवर नजर ठेवून ती मला हळू आवाजात विचारायची, "ह्या दोघातला त्यायले कोणता पाहिजे?"

त्यांना म्हणजे शाळेला. मी सांगायचे. हळूहळू ती माझ्याकडे न बघताही बरोबर सांगायला लागली. महिन्याभरात तिला पुस्तकातली जवळपास सगळी उत्तरं यायला लागली. आई शेजारच्या काकूंना सांगायची, पोरगी मायसारखीच हुशार आहे. आईने ताईच्या कपाटातला खालचा कप्पा रिकामा केला होता आणि मुलीचे कपडे त्यात लावून ठेवले होते. बॅग माळ्यावर टाकली होती.

जानेवारीत शाळेने बोलावलं. आई-वडील दोघांनी यायचं असतं. जिजाजी खाप्याहून आले, इस्त्रीचा शर्ट घालून. तिच्या आईच्या जागी मी गेले.

माझीच शाळा होती, पण त्या खोलीत मी कधी गेले नव्हते. एक बुटकं टेबल होतं, त्याच्या एका बाजूला दोन बाई बसल्या होत्या, एक विचारणारी आणि एक लिहिणारी. मुलीला लहान लाल खुर्ची होती. आम्हा दोघांना भिंतीशी खुर्च्या दिल्या. विचारणाऱ्या बाई खरंच चांगल्या होत्या. त्यांनी तिचे केस नीट केले, नाव विचारलं, फ्रॉकवरच्या फुलांचा रंग विचारला. तिने सगळं हळू पण नीट सांगितलं. जिजाजींनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि त्या नजरेत कौतुक होतं. मला वाटलं, झालं आता.

मग त्यांनी चार कार्डं मांडली. शर्ट, फ्रॉक, टोपी, बादली. "विच वन डझ नॉट बिलाँग? गिव्ह इट टू मी, बेटा."

तिने बादली उचलून त्यांच्या हातात दिली. आणि तिच्या जागी आपलं बोट ठेवलं.

"व्हेरी गुड," बाई म्हणाल्या. "अब हात पीछे." आणि त्यांनी अगदी प्रेमाने तिचं बोट धरून टेबलावरून उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

मुलगी उरलेल्या तीन कार्डांकडे बघत राहिली. तिने ओठ आत ओढले. मग हात पुढे केला, टोपी उचलली आणि तीही बाईंकडे दिली.

"नो नो, ओन्ली वन."

त्यांनी दुसरी चार कार्डं मांडली. तिने दोन दिली. तिसरी मांडली. तिने पुन्हा दोन दिली. त्यांनी बोट ठेवू दिलं असतं तर तिने सगळी बरोबर दिली असती. बाईंनी लिहिणाऱ्या बाईंकडे बघितलं. त्या लिहायला लागल्या.

मी उभी राहिले. मी अशी कुठे उभी राहत नाही. "मॅम, शी नोज इट," मी म्हटलं. "ॲक्च्युअली, इन अवर हाऊस—"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. पुढचं वाक्य माझ्याजवळ तयार होतं. ज्या भाषेत मी शाळेची सगळी वर्षं बोलले, त्याच भाषेत ते सांगायचं होतं. तेवढ्यात जिजाजींनी खालच्या आवाजात विचारलं, "हे काय करून राहिली ती?"

मी त्यांना मराठीत म्हटलं, "ती तीन ठेवत नाही."

त्यांना दुसरा शब्द सांगावा लागला नाही. ते मुलीच्या पाठीकडे बघत राहिले. मग माझ्या ओढणीचं टोक त्यांनी हलकेच खाली ओढलं, लहान मुलाला बसवतात तसं. "नको सांगू," ते म्हणाले. "तिच्या मायचं ताट ह्या लोकायसमोर कायले?"

मी बसले. बाई म्हणाल्या, "इट्स ओके, लेट द चाइल्ड आन्सर." त्यांनी तिला एक कविता म्हणायला सांगितली आणि चॉकलेट दिलं.

बाहेर आल्यावर मुलीने विचारलं, "पप्पा, मले आलं का?"

"आलं ना. सारंच आलं," जिजाजी म्हणाले. त्यांनी तिला उचलून मोटारसायकलवर पुढे बसवलं. मी मागे उभी होते. किल्ली लावता लावता ते मला म्हणाले, "तिले तिकडे पाठवा म्हटलं होतं मी तेरवीच्या दिवशी, बायकायमध्ये. पण आली पळत, गिलास घेऊन. मग राहू दिलं." एवढं बोलून त्यांनी गाडी सुरू केली.

मला नंतर कधीकधी वाटलं की त्यांना मुलगी सोडायचीच नव्हती, म्हणून त्यांनी मला बसवलं. पण मी त्यांचा चेहरा बघितला होता. त्या वेळी ते मुलीचा विचार करत नव्हते. ते त्या ताटापाशी अंगणात उभे होते.

निकाल मोबाइलवर आला. वुई रिग्रेट, असं सुरू होणारा. बाबांनी मला तो दोनदा वाचायला लावला, जणू दुसऱ्या वेळी काही निराळं निघेल. मग ते म्हणाले, "एकदा जाऊन भेटून येऊ का मॅडमले?" आणि आमच्यापैकी कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाले, "काय सांगाचं पण."

आईने मला विचारलं, खोलीत काय झालं ते. मी सगळं सांगितलं. ती मला बोलेल असं वाटलं होतं. जिजाजींना बोलेल, खाप्याच्या आजीला तरी बोलेल. ती म्हणाली, "त्यायचं काय चुकलं? मी तरी तिले हेच शिकवलं असतं." मग ती माळ्यावरची बॅग काढायला स्टूल शोधायला लागली. मी काढते म्हटलं तर नको म्हणाली.

आईने बॅग भरायला सबंध दुपार लावली. कपड्यांची घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. मुलगी तिच्या शेजारी बसून होती. तिला कळलं होतं की आपण परत जाणार आहोत. ती रडली नाही. तिने आईला विचारलं, "आजी, मी एकच द्यायला पाहिजे होतं का?"

आई म्हणाली, "नाही वं. तू बरोबर दिलं."

"मग त्यायनं काहून नाही घेतलं?"

आईने फ्रॉकची घडी पुन्हा मोडली.

जिजाजींचं लग्न उन्हाळ्यात झालं. आम्हाला बोलावलं होतं, बाबा एकटे जाऊन आले. आई रोज संध्याकाळी फोन करायची. सुरुवातीला मुलगी बराच वेळ बोलायची, काय खाल्लं, कुत्रीला पिल्लं झाली, शाळेत बाकावर कोण बसते. मग ती अभ्यास करत असायची, किंवा खेळायला गेलेली असायची, किंवा झोपलेली. आई त्या घरातल्या कुणाला दोष देत नव्हती. "पोरगं आहे, खेळणारच," असं म्हणायची. पण फोन ठेवल्यावर ती काही वेळ तो हातातच धरून बसायची. पुढे ती आठवड्यातून एकदा करायला लागली.

शाळा सुरू झाल्यावर एका रविवारी मी खाप्याला गेले. आईला चल म्हटलं तर तिचे गुडघे दुखत होते. सावनेरला बस बदलून मी पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. घर तेच होतं, ओसरीला नवा रंग दिला होता. जिजाजींची बायको बाहेर आली. माझ्यापेक्षा थोडीच मोठी असेल. ती मला बघून गोंधळली, मग तिने पदर सारखा केला आणि या बसा म्हणाली. मीही काय बोलावं ते न सुचून बसले. आम्ही दोघी तशा सारख्याच होतो.

मुलगी आतून आली. तिच्या दोन घट्ट वेण्या होत्या, रिबिनी बांधलेल्या, मधला भांग अगदी सरळ. आमच्याकडे होती तेव्हा तिचे केस आईच्याने कधी इतके नीट बसले नव्हते. ती जराशी उंच झाली होती. मला वाटलं, ती येऊन माझ्या पायाशी बसेल. मी पिशवीतून तिच्यासाठी आणलेली संत्र्याची बर्फी काढायला लागले.

ती दारातच थांबली. तिने नव्या आईकडे बघितलं. नव्या आईने आत खूण केली, तशी ती आत गेली. थोड्या वेळाने दोन्ही हातांनी ट्रे धरून, पाणी सांडू नये म्हणून नजर गिलासावर ठेवून, पाऊल मोजत ती माझ्याकडे आली. गिलासाखाली बशी होती. पाहुण्यांना देतात तसं तिने तो माझ्यापुढे धरला आणि मी घेईपर्यंत उभी राहिली.

"घ्या मावशी," ती म्हणाली.

मी पाणी घेतलं. नव्या आईने तिला विचारलं, "मावशीले विचारलं का, नागपूरची आजी कशी आहे?"

"नागपूरची आजी कशी आहे?" तिने विचारलं.

"बरी आहे," मी म्हटलं.

मी गिलास रिकामा केला आणि बशीवर ठेवला. ती तो घेऊन आत गेली, आणि आतून भांडं विसळल्याचा आवाज आला.